ग्रीनकार्ड ते नागरिकत्व : परीक्षा सोपी, तारखा अवघड

जेवणाच्या टेबलावर दोन पासपोर्ट उघडे पडलेत, एक चालू आणि एक मुदत संपलेला. शेजारी वहीत उभ्या रेघा मारून रकाने पाडलेत : गेलो कधी, आलो कधी, दिवस किती. मुंबई विमानतळाच्या एका शिक्क्यावरची तारीख इतकी पुसट झालीय की तो १ आहे की ७, यावर घरात दोन तट पडलेत. अमेरिकेत परत येताना ग्रीनकार्डवाल्यांच्या पासपोर्टवर बऱ्याचदा शिक्का मारतही नाहीत. मग जुन्या ईमेलमधली विमानाची तिकिटं शोधायची.

अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसलेल्या बऱ्याच मराठी घरांत हे चित्र मी पाहिलंय. मी वकील नाही. स्वतःचा अर्ज भरला, मग ओळखीपाळखीच्यांचे भरताना शेजारी बसलो, एवढंच. तेवढ्यावरून एक गोष्ट पक्की कळली. सगळ्यांना धाकधूक असते ती मुलाखतीतल्या परीक्षेची, आणि अर्ज अडतो तो त्या वहीतल्या रकान्यांवर.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. परदेशात जन्मलेल्या माणसाने कायद्याची वाट चालून नागरिक होणं, याला तिथे 'नॅचरलायझेशन' म्हणतात. (नाव असं, की आजवर आपण अनैसर्गिक होतो की काय असं वाटावं.) ग्रीनकार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. ते कायम राहण्याचा परवाना आहे, आणि 'कायम'ला अटी आहेत. गंभीर गुन्हा घडला तर तो जातो. बाहेरच फार राहिलात तरी जातो. मत देता येत नाही. आईवडिलांना कायमचं बोलावून घेण्यासाठी अर्ज करता येत नाही, तो हक्क २१ वर्षांवरच्या नागरिकाचाच. नागरिकाला हे सगळं मिळतं, आणि परवाना नूतनीकरणाची भानगड संपते.

पाच वर्षं, पण कुठली?

मुख्य अट सगळ्यांना तोंडपाठ असते : ग्रीनकार्ड मिळाल्यावर पाच वर्षं. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं असेल आणि संसार एकत्र चालू असेल, तर तीन. वय १८ पूर्ण हवं. अर्ज करताना ज्या राज्यात राहता तिथे किमान तीन महिने झालेले हवेत.

आता यातले खाचखळगे. पहिला : एच-वनबीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, काढलेली वर्षं यात धरत नाहीत. दहा वर्षं नोकरी केली, कर भरले, घर घेतलं, तरी घड्याळ सुरू होतं ते ग्रीनकार्डच्या दिवशी. भारतात जन्मलेल्यांना नोकरीमार्गे ग्रीनकार्ड मिळायला एवढा उशीर का लागतो, तर कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या कोट्यातली साधारण ७ टक्केच कार्डं मिळू शकतात. म्हणजे खरी रांग आधीची आहे, आणि त्या रांगेतल्या उभं राहण्याला पुढे शून्य किंमत. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम असा आहे.

दुसरा : तारीख कुठली धरायची? कार्डवर 'रेसिडेंट सिन्स' असं लिहून एक तारीख असते, ती धरायची. कार्ड टपालाने हातात पडलं ती नव्हे.

तिसरी गोष्ट मात्र सवलतीची आहे. पाच वर्षं भरायच्या आधी ९० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. कार्डवर १० जून २०२० असेल, तर पाच वर्षं भरतात १० जून २०२५ ला आणि अर्जाचा दरवाजा उघडतो १२ मार्च २०२५ ला. ११ मार्चला पाठवलात तर अर्ज नाकारला जाऊ शकतो आणि फी बुडते. तीन महिने म्हणजे ९० दिवस असं धरून १० मार्चला बटण दाबणारे असतात. म्हणून मी दिवस बोटावर मोजायला सांगतो आणि वर आठवडाभर थांबायला सांगतो. पाच वर्षं थांबलात, आणखी सात दिवसांनी काय होतंय?

आणि आता तो रकाना : दिवस किती.

इथे दोन वेगवेगळे हिशोब आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक हिशोब एकूण दिवसांचा. पाच वर्षांतले निदान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, शरीराने अमेरिकेत असायला हवं. (लग्नामुळे तीन वर्षांची अट असेल तर १८ महिने.) निघाल्याचा दिवस आणि परतल्याचा दिवस, दोन्ही अमेरिकेतलेच धरतात, हा त्यातल्या त्यात दिलासा.

दुसरा हिशोब एकेका फेरीचा. इथे प्रश्न असा विचारला जातो की तुमचं बिऱ्हाड सलग इथेच होतं का. एक फेरी सहा महिन्यांपेक्षा जास्त झाली, की कायदा गृहीत धरतो की सलगपणा तुटला. तो तुटला नव्हता हे मग तुम्ही दाखवायचं : घर इथेच होतं, नोकरी सोडली नव्हती, घरचे इथेच होते, कर इथेच भरला. फेरी एक वर्षाची किंवा त्याहून मोठी झाली, तर सबबच नाही. सलगपणा तुटलाच. मग परतल्यापासून ४ वर्षं १ दिवसाने पुन्हा अर्ज करता येतो, पण तेव्हाही मागच्या पाच वर्षांत ती फेरी जराशी डोकावत असते, त्यामुळे खुलासा करावाच लागतो. ४ वर्षं ६ महिने थांबलात तर तो प्रश्न उरत नाही.

आता मुलाने ग्रीनकार्ड करून दिलेल्या एखाद्या काकूंचा विचार करा. थंडी सोसत नाही, पुण्यातलं घर बंद ठेवायचं नाही, म्हणून दरवर्षी सात महिने तिकडे आणि पाच महिने इकडे. पाच वर्षांत इकडचे महिने झाले २५. पहिल्याच हिशोबात नापास, आणि दुसऱ्यात तर प्रत्येक फेरी सहा महिन्यांच्या वर. "पण मी पाच वर्षं कार्ड सांभाळलं की," असं काकू म्हणतील आणि ते खरंच आहे. कार्ड सांभाळणं ही एक गोष्ट, नागरिकत्वाचे दिवस भरणं ही वेगळी. खरं तर अशा फेऱ्यांनी कार्डही धोक्यात येतं. विमानतळावरचा अधिकारी एके दिवशी विचारणारच, की बाई, तुम्ही राहता कुठे?

यावर उपाय म्हणून 'री-एन्ट्री परमिट' काढा असं कुणीतरी हमखास सांगतं. ते काढावं, दोन वर्षांपर्यंत बाहेर राहून ग्रीनकार्डवर परत येण्यासाठी त्याचा उपयोग आहे. पण नागरिकत्वाच्या हिशोबातला सलगपणा ते वाचवत नाही. वर्षभर बाहेर राहिलात तर परमिट हातात असूनही घड्याळ मागे जातंच. हा गैरसमज मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय.

'आजवर कधी तरी...'

अर्जाचं नाव एन-४००. एप्रिल २०२४ पासून फी ऑनलाइन भरली तर ७१० डॉलर, कागदावर ७६०. उत्पन्न कमी असेल तर सवलतीची फी ३८० डॉलर. फी बदलत असते, म्हणून भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या (हे अर्ज बघणारं अमेरिकेचं सरकारी खातं) साइटवर बघून घ्या. अर्जानंतर बोटांचे ठसे आणि फोटो होतात, मग मुलाखतीचं बोलावणं.

अर्जात एक लांबलचक प्रश्नावली असते. सगळे प्रश्न एकाच धाटणीचे : तुम्ही आजवर कधी तरी अमुक केलंय का? कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होतात का? कुणाचा छळ केलात का? नरसंहारात भाग घेतलात का? आपण खाली खाली 'नाही, नाही, नाही' अशा खुणा करत जातो, आणि नेमकी तिथेच गफलत होते, कारण मधेच एक साधा प्रश्न दबा धरून बसलेला असतो : कधी अटक, समन्स किंवा दंडाची पावती मिळाली आहे का? बारा वर्षांपूर्वी सिग्नल तोडल्याचं तिकीट आठवतंय ना? आणि कॉलेजात असताना झालेलं एखादं प्रकरण, जे वकिलाने 'रेकॉर्डवरून पुसून टाकलं' असं सांगितलं होतं? पुसलेलंही सांगायचं असतं. तिकिटामुळे सहसा काही बिघडत नाही. ते लपवलं, हे कळलं तर बिघडतं. पुढे कधी फसवणूक उघड झाली तर दिलेलं नागरिकत्व कोर्टातून काढून घेता येतं, म्हणजे खोट्या उत्तराला मुदत नाही.

मतदानाचा प्रश्न असाच. ग्रीनकार्डवर असताना ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेलात, तिथल्या फॉर्मवर 'मतदार नोंदणी करायची आहे का' असा चौकोन होता, घाईत खूण केलीत. नागरिक नसताना मतदार म्हणून नोंद होणं म्हणजे मी नागरिक आहे असा खोटा दावा केल्यासारखं, आणि तो इमिग्रेशन कायद्यात फार जड गुन्हा आहे. असं काही झालंय अशी नुसती शंका असली, तरी अर्ज पाठवायच्या आधी वकील गाठा. इथे दोनशे डॉलर वाचवायला जाऊ नका.

कराचंही तसंच. ग्रीनकार्ड असताना कराच्या विवरणात स्वतःला 'नॉन-रेसिडेंट' म्हणवून घेतलंत, तर तुम्हीच लिहून दिलंत की मी इथला रहिवासी नाही. आणि १८ ते २५ वयात ग्रीनकार्डवर असलेल्या पुरुषांनी 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस' म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीच्या यादीत नाव घालणं बंधनकारक असतं. मुलं विसरतात, आईवडिलांना माहीत नसतं.

या सगळ्याला कायद्याच्या भाषेत 'गुड मॉरल कॅरेक्टर' म्हणतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यूएससीआयएसने अधिकाऱ्यांना सांगितलं की, नुसता गुन्हा नाही एवढ्यावर थांबू नका, माणूस समाजात कसा वागतो तेही बघा. याचा वापर कुठे कसा होईल हे अधिकाऱ्यावर अवलंबून, त्यामुळे कराचे, नोकरीचे, घराचे कागद नीट लावून ठेवलेले बरे.

परीक्षा

हिची भीती जरा जास्तच आहे. इंग्रजीत तीन वाक्यांपैकी एक नीट वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं. बोलण्याची परीक्षा वेगळी नसते, मुलाखतीतली प्रश्नोत्तरंच ती परीक्षा. अर्जातल्या एखाद्या अवघड शब्दाचा अर्थ विचारतात, तेव्हा 'नाही'च्या खुणा करताना शब्द समजून घेतलेले असावेत.

नागरिकशास्त्राचे प्रश्न आधीच छापील मिळतात, उत्तरांसकट. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली. त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. १२ बरोबर झाले की थांबतात, आणि ९ चुकले तरी थांबतात. त्याआधीच्या अर्जांना १०० ची यादी, १० प्रश्न आणि ६ बरोबर असा हिशोब. ध्वजावर १३ पट्टे का, सर्वोच्च कायदा कोणता, असे प्रश्न. आपल्याकडच्या दहावीच्या नागरिकशास्त्रातून गेलेल्या माणसाला पंधरा दिवस पुरतात. फक्त काही उत्तरं निवडणुकीनुसार बदलतात, उदाहरणार्थ राज्याचा गव्हर्नर कोण. जुन्या व्हिडिओवरून पाठ करणारे तिथे फसतात.

ज्येष्ठांना सूट आहे. ५० वर्षं वय आणि ग्रीनकार्डवर २० वर्षं, किंवा ५५ वय आणि १५ वर्षं झाली असतील, तर इंग्रजी माफ, नागरिकशास्त्र आपल्या भाषेत, दुभाषा घेऊन. म्हणजे हो, मराठीत. ६५ वय आणि २० वर्षं असतील तर अभ्यासाला फक्त २० प्रश्न. नापास झालात तर ६० ते ९० दिवसांत पुन्हा एकदा बोलावतात, नवी फी न घेता.

हे दार आपल्यासाठी कधी उघडलं

अमेरिकेचा पहिला नॅचरलायझेशन कायदा १७९० चा. त्यात नागरिक व्हायला दोन वर्षांचा रहिवास पुरे होता, पण माणूस 'मुक्त गोरा' हवा. १७९५ मध्ये पाच वर्षं झाली. मधे १७९८ मध्ये ती १४ वर नेली, १८०२ मध्ये परत ५ वर आणली, आणि ती आजतागायत टिकली. वर्णाची अटही टिकली, फक्त १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना आत घेतलं.

मग 'गोरा' म्हणजे कोण? १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये ताकाओ ओझावा या जपानी माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कातडीचा रंग महत्त्वाचा नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. अवघ्या तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड त्याच न्यायालयासमोर होते. पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : तुमच्याच वंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय माणूस कॉकेशियन ठरतो, तेव्हा मी गोरा. त्यावर न्यायमूर्ती सदरलँड यांनी, ज्यांनी ओझावांचा निकाल लिहिला त्यांनीच, लिहिलं की शास्त्राचं राहू द्या, सामान्य माणूस गोरा कुणाला म्हणतो ते बघायचं. दोन्ही वेळा पट्टी वेगळी, निकाल एक. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचीही नागरिकत्वं काढून घेणं सुरू झालं.

थिंड यांना अखेर १९३६ मध्ये नागरिकत्व मिळालं, महायुद्धात सैन्यात असलेल्यांसाठी आदल्या वर्षी झालेल्या कायद्यामुळे. सगळ्या भारतीयांना दार उघडलं १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने, आणि सोबत वर्षाला १०० जणांचा कोटा. दलीपसिंग सौंद तीन वर्षांनी नागरिक झाले आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. वर्णाची अट सगळ्यांसाठी गेली ती १९५२ मध्ये.

शपथ, आणि भारताची बाजू

मुलाखत पास झाली म्हणजे नागरिक झालात, असं नाही. शपथ घेतल्याच्या क्षणी होता. तिथे ग्रीनकार्ड परत द्यायचं, प्रमाणपत्र घ्यायचं. मधल्या दिवसांत परदेशी गेलात, पोलिसांशी संबंध आला, तर तेही शपथेच्या दिवशी लिहून द्यावं लागतं.

शपथेत परदेशी राजे, सत्ता, देश यांच्यावरची निष्ठा सोडतो असे शब्द आहेत. प्रत्यक्षात अमेरिका तुमचा दुसरा पासपोर्ट मागत नाही, आणि कित्येक देशांचे लोक दोन्ही बाळगतात. आपल्याला अडवतो तो भारताचा कायदा. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९ : स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं आपोआप संपलं. 'आपोआप' या शब्दावर लक्ष द्या. पासपोर्ट कपाटात आहे, त्याची मुदत २०३१ पर्यंत आहे, म्हणून आपण अजून भारतीय, असं नाही. त्या पासपोर्टवर प्रवास करणं हा गुन्हा आहे. तो रद्द करून 'सरेंडर' प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग ओसीआय ('ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया') कार्डाला अर्ज.

यातलं व्यवहाराचं गणित लोक विसरतात. ऑक्टोबरात शपथ झाली आणि दिवाळीला पुण्याचं तिकीट काढून ठेवलंय. जुना पासपोर्ट चालत नाही, अमेरिकन यायचाय, ओसीआय त्याच्याही नंतर. शपथ आणि पुढचा प्रवास यात दोन-तीन महिने मोकळे ठेवावेत.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, नाव काहीही असो. तो आजन्म व्हिसा आहे. भारतात मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली चालते, म्हणजे गावच्या सातबाऱ्यावर वडिलांनंतर तुमचं नाव लागू शकतं. पण बांधाशेजारची दोन एकर स्वस्तात मिळतायत म्हणून घ्यायला जाल तर नाही.

आणि निवृत्तीनंतर परत जायचा बेत असेल तर एवढं ऐकून ठेवा : अमेरिका आपल्या नागरिकाकडून जगात कुठेही राहिला तरी करविवरण मागते. परदेशातल्या खात्यांत मिळून कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली, तर ती वेगळी कळवायची. ग्रीनकार्ड परत करून यातून सुटता येतं. नागरिकत्व सोडणं त्यापेक्षा बरंच कटकटीचं आणि खर्चिक. म्हणून 'ग्रीनकार्ड आहे तर नागरिकत्व घेऊनच टाकू' हे वाक्य मला प्रत्येकासाठी खरं वाटत नाही.

मुलांसाठी मात्र एक तारीख अशी आहे की ती हातची घालवू नये. आई किंवा वडील नागरिक झाले, त्या वेळी मूल १८ च्या आत असेल, त्याच्याकडे ग्रीनकार्ड असेल आणि ते अमेरिकेत त्यांच्याच ताब्यात, त्यांच्याबरोबर राहत असेल, तर तेही त्याच क्षणी नागरिक होतं. वेगळा अर्ज नाही, परीक्षा नाही. पुढे त्याचा पासपोर्ट काढला की काम झालं. पण मुलगी ऑगस्टमध्ये १८ पूर्ण करतेय, आईची मुलाखत जुलैत झाली आणि शपथ सप्टेंबरात, तर आई नागरिक आणि मुलगी ग्रीनकार्डवर. मग तिची पाच वर्षं, तिचे रकाने, तिचा एन-४००. अशा घरांत मी एकच विचारतो, मुलांच्या जन्मतारखा काय आहेत? वहीच्या पहिल्या पानावर त्या लिहायच्या, आणि दार उघडेल त्या पहिल्या आठवड्यात अर्ज पाठवायचा.